मासाच्चो आणि त्याचे फ्लोरेन्स : वाचकांचे प्रश्न

पंधराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील फ्लोरेन्समध्ये होऊन गेलेला चित्रकार मासाच्चो याच्यावर गेल्या अंकात लेख प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांत चित्रांइतकीच चौकशी त्या शहराची, तिथल्या पैशाची आणि राजकारणाची आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मासाच्चोचा जन्म १४०१ चा आणि मृत्यू १४२८ चा. एवढ्या अल्पायुष्यात त्याने केलेले काम मोजकेच आहे. तरीही प्रबोधनकाळातील चित्रकला त्याच्यापासून सुरू झाली असे सांगितले जाते. हे श्रेय जरा जास्तच होत नाही का?

उत्तर : सगळे श्रेय एकट्याच्या पदरात टाकणे जास्तच होईल. शिल्पात दोनातेल्लो आणि वास्तुरचनेत ब्रुनेलेस्की हे त्याच्यापेक्षा वयाने वडील असलेले दोघे त्याच शहरात त्याच दिशेने आधीपासून काम करीत होते. मात्र चित्रकलेपुरते बोलायचे तर काहीतरी एकाएकी बदलले हे खरे आहे, आणि ते पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच शहरातले, त्याच सुमाराचे दुसरे चित्र शेजारी ठेवणे. जेन्तिले दा फाब्रियानो याने १४२३ मध्ये पाल्ला स्त्रोत्सी या धनाढ्य गृहस्थासाठी तीन ज्ञानी राजे बाळ येशूला वंदन करीत असल्याचे वेदीचित्र, म्हणजे चर्चच्या वेदीवर ठेवायचे चित्र, पूर्ण केले. ते आज उफीत्सी संग्रहालयात आहे. त्यात सोन्याच्या वर्खाची लयलूट आहे, जरीची वस्त्रे आहेत, घोडे, शिकारी कुत्रे आणि माकडे आहेत, आणि डोंगरवाटांनी वळत वळत येणारा लवाजमा आहे. नजर कुठेही टेकवली तरी काहीतरी मौल्यवान हाती लागते.

त्यानंतर दोनच वर्षांच्या आसपास आर्नो नदीच्या पलीकडच्या तीरावर, सांता मारिया देल कार्मिने या चर्चमधील ब्रांकाच्ची घराण्याच्या प्रार्थनागृहात मासाच्चो भिंत रंगवू लागला. तिथे वर्खाचा दिमाख नाही. जाड, साध्या कापडाच्या अंगरख्यांतले पुरुष जमिनीवर पाय रोवून उभे आहेत, आणि त्यांच्या सावल्या एकाच दिशेला पडल्या आहेत. सोळाव्या शतकातील चरित्रकार वासारी याने पुढे लिहिले की, आधीच्या चित्रांतली माणसे चवड्यांवर तरंगल्यासारखी दिसत आणि मासाच्चोने त्यांचे तळवे जमिनीला लावले. वासारीला अतिशयोक्तीची सवय होती, पण हे निरीक्षण मात्र चोख आहे.

एका गैरसमजापासून सावध राहावे. सोन्याचे चित्र जुन्या सरंजामी रुचीचे आणि वजनदार माणसांचे चित्र नव्या नागरी रुचीचे, अशी सरळ वाटणी करता येत नाही, कारण दोन्ही चित्रांचे पैसे एकाच वर्गाने मोजले होते. ब्रांकाच्ची प्रार्थनागृहाच्या कामामागे असलेला रेशमाचा व्यापारी फेलिचे ब्रांकाच्ची हा पुढे याच पाल्ला स्त्रोत्सीचा जावई झाला. म्हणजे समाज बदलला आणि म्हणून चित्र बदलले, एवढ्यावर भागत नाही. एकच समाज एकाच वेळी दोन तऱ्हांनी स्वतःकडे पाहत होता, आणि मासाच्चोने त्यातली एक तऱ्हा पकडून ती शेवटपर्यंत नेली, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

प्रश्न : ब्रांकाच्ची प्रार्थनागृहातील 'कराचे नाणे' या चित्राविषयी असे वाचनात आले की, फ्लोरेन्सच्या सरकारने लादलेला नवा कर लोकांच्या गळी उतरवण्यासाठी ते काढून घेतले गेले. यात तथ्य किती?

उत्तर : या प्रश्नावर सर्वांत अधिक पत्रे आली आहेत, आणि चित्रही तसे आहे की त्यावर थोडे थांबावे. आधी प्रसंग सांगतो. बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात कथा आहे की, मंदिराचा कर गोळा करणारे लोक येऊन येशूचा शिष्य पीटर याला विचारतात, तुमचे गुरू कर देत नाहीत काय? येशू पीटरला सांगतो, सरोवरावर जा, गळ टाक, पहिला जो मासा लागेल त्याच्या तोंडात नाणे सापडेल, ते माझ्यासाठी आणि तुझ्यासाठी त्यांना दे. या कथेची चित्रे फारशी कोणी काढत नसे, आणि तिने एवढी मोठी भिंत का अडवली हा प्रश्न म्हणूनच वाजवी आहे. चित्र सुमारे सहा मीटर लांब आणि अडीच मीटर उंच आहे.

मासाच्चोने कथेचे तीन प्रसंग एकाच चौकटीत मांडले आहेत. मध्यभागी येशू, भोवती शिष्यांचे कडे, आणि आपल्याकडे पाठ करून उभा असलेला करवसुली करणारा माणूस. शिष्यांच्या अंगावर पायघोळ, प्राचीन पद्धतीची वस्त्रे आहेत. वसुली करणाऱ्याने मात्र आखूड अंगरखा घातला आहे आणि त्याच्या पोटऱ्या उघड्या आहेत. येशूने हात पुढे केला आहे, पीटरचा हात त्याच दिशेला वळला आहे आणि वसुलीवाल्याचा एक हात पैशासाठी पसरलेला आहे. डावीकडे दूरवर पाण्याच्या काठी पीटर पुन्हा दिसतो, या वेळी बसका मारून माशाच्या तोंडातून नाणे काढताना. उजवीकडे तो तिसऱ्यांदा आहे. एका इमारतीसमोर तो त्याच वसुलीवाल्याच्या तळहातावर नाणे ठेवतो. हे ठेवणे नीट पाहण्यासारखे आहे. पीटरच्या हालचालीत आदर नाही आणि अवज्ञाही नाही. देणे चुकते करणाऱ्या माणसाचा ठामपणा आहे. चमत्काराचा प्रसंग चित्रात मागे, लहान आकारात गेला आहे, आणि पैसे हातात पडण्याचा क्षण पुढे आला आहे. प्रकाश उजवीकडून येतो, कारण प्रार्थनागृहाची खरी खिडकी त्याच बाजूला आहे. त्यामुळे भिंतीवरच्या माणसांच्या सावल्या आणि तिथे उभ्या असलेल्या भाविकाची सावली एकाच उजेडाने पडते.

आता कराविषयी. १४२३ पासून फ्लोरेन्सचे मिलानच्या विस्कोंती ड्यूकशी युद्ध चालू होते, १४२४ मध्ये झागोनारा येथे मोठा पराभव झाला होता आणि भाडोत्री सैन्याचा खर्च भागता भागत नव्हता. तोवर नागरिकांकडून सक्तीचे कर्ज घेतले जाई, आणि कोणी किती द्यायचे ते समित्या अंदाजाने ठरवीत. या अंदाजात वशिला आणि वैर दोन्ही चालत असल्याने ओरड होती. अखेर मे १४२७ मध्ये 'कातास्तो' नावाची नवी पद्धत आली. तिच्यात प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपली जमीन, घरे, व्यापारातले भांडवल, येणी आणि देणी स्वतः लिहून द्यायची होती. राहते घर मोजणीतून वगळले जाई, कुटुंबातील प्रत्येक खाणाऱ्या तोंडामागे २०० फ्लोरिन (फ्लोरेन्सचे सोन्याचे नाणे) वजा होत, आणि उरलेल्या मालमत्तेवर अर्धा टक्का आकारला जाई. फ्लोरेन्सच्या सत्तेखालील सगळ्या प्रदेशाची मोजदाद झाली तेव्हा सुमारे ६० हजार कुटुंबे कागदावर आली. ती कागदपत्रे टिकली असल्यामुळेच त्या समाजाविषयी आपण आज एवढ्या खात्रीने बोलू शकतो.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की नाते जुळवण्याचा मोह होतो. माझे मत असे की, प्रचारचित्र हा अर्थ टिकत नाही. एक तर तारखा आड येतात. हे चित्र बहुतेक अभ्यासकांच्या मते १४२५ च्या सुमाराचे आहे आणि कायदा त्यानंतरचा आहे. दुसरे म्हणजे प्रार्थनागृहात संत पीटरचे चरित्र रंगवण्यामागे साधे कौटुंबिक कारण होते. ते बांधण्यासाठी पैसे ठेवून गेलेल्या पूर्वजाचे नाव पिएत्रो, म्हणजे पीटरचेच इटालियन रूप, होते, आणि संत पीटर हा त्याच्याच नावाचा संत. तिसरी गोष्ट अशी की, खासगी कुटुंबाच्या प्रार्थनागृहात, नदीपलीकडच्या एका मठाच्या चर्चमध्ये, सरकारने आपले फर्मान चितारून घेतले असे मानायला काही आधार लागतो, आणि तो कोणी पुढे आणलेला नाही. काहींनी तर उलट, हे चित्र चर्चच्या मालमत्तेवरील कराविषयी किंवा पोपच्या अधिकाराविषयी बोलते असेही म्हटले आहे. इतके परस्परविरोधी अर्थ निघतात तेव्हा एकही पुरेसा घट्ट नाही असे समजावे.

तथापि प्रचार नाही म्हणजे संबंधच नाही, असेही नव्हे. ज्या गावात कोणाकडून किती घ्यावे यावर वर्षानुवर्षे भांडणे चालली होती, तिथल्या माणसाला या भिंतीवरचा पसरलेला हात ओळखीचा वाटला नसेल, हे पटण्यासारखे नाही.

प्रश्न : असा श्रेष्ठ चित्रकार त्या काळी चांगला श्रीमंत असणार. समाजात त्याला काय मान होता?

उत्तर : श्रीमंत तर नाहीच. गंमत अशी की, ज्या कातास्तोचा उल्लेख वर आला, त्याच नोंदीत मासाच्चोचे स्वतःचे विवरणपत्र आहे. जुलै १४२७ चे. त्यात तो आपले वय २५ सांगतो, धाकट्या भावाचे २०, आणि विधवा आई घरात असल्याचे नमूद करतो. राहते घर भाड्याचे, वर्षाला १० फ्लोरिन. कामाची जागा म्हणजे एका दुकानाचा वाटा, त्याचे भाडे २ फ्लोरिन. देण्यांची यादी मात्र भरघोस आहे. एका चित्रकाराचे देणे, सोन्याचा वर्ख ठोकणाऱ्या कारागिराचे देणे, हाताखाली काम केलेल्या आंद्रेआ दी जुस्तो याचा थकलेला पगार, आणि गहाणवटीच्या दुकानातले कर्ज. आईच्या दुसऱ्या नवऱ्याच्या वारसांकडून तिच्या हुंड्याची रक्कम यायची आहे, असेही त्यात येते. करपात्र असे काही उरतच नाही.

जन्माने तो अगदी खालच्या थरातला नव्हता. आर्नोच्या खोऱ्यातील सान जोव्हान्नी या गावात त्याचे वडील नोटरी होते, पण ते १४०६ मध्ये वारले. आईने औषधे विकणाऱ्या एका गृहस्थाशी पुनर्विवाह केला, आणि तोही पुढे वारला. जानेवारी १४२२ मध्ये मासाच्चोने फ्लोरेन्समधील वैद्य आणि औषधविक्रेते यांच्या व्यावसायिक संघात नाव नोंदवले. वाचकांना हे चमत्कारिक वाटेल, पण चित्रकार त्याच संघात मोडत, कारण रंगद्रव्ये औषधविक्रेत्यांच्याच दुकानांत मिळत. आपण आज कलावंत म्हणतो त्या अर्थाचा दर्जा अजून कोणालाच नव्हता. चित्रकार हा करार करून, हप्त्याने पैसे घेऊन, ठरल्या मुदतीत माल देणारा कारागीर होता.

पिसा येथील वेदीचित्राच्या हिशोबात हे लख्ख दिसते. तिथल्या कार्मिने चर्चसाठी जुलियानो नावाच्या नोटरीने १४२६ मध्ये ते काम मासाच्चोकडे दिले. अनेक फळ्यांच्या त्या चित्राचे मोल ८० फ्लोरिन ठरले. फेब्रुवारीत सुरू झालेले काम रेंगाळते आहे असे दिसताच ऑक्टोबरमध्ये नोटरीने, हे पुरे होईपर्यंत दुसरे काम हाती घेणार नाही, असे वचन त्याच्याकडून घेतले. शेवटचा हप्ता डिसेंबरच्या अखेरीस पोचला. मधल्या एका हप्त्यातले पैसे तेव्हा पिसातच काम करीत असलेल्या दोनातेल्लोच्या हाती गेल्याची नोंद आहे. मैत्री म्हणून की देणे म्हणून, हे वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावे. त्या वेदीचित्राच्या फळ्या पुढे सुट्या होऊन विखुरल्या आणि आज त्या लंडन, बर्लिन, नेपल्स, लॉस एंजेलिस अशा ठिकाणच्या संग्रहालयांत आहेत. एक पिसातच राहिली आहे.

त्याच्या मृत्यूनंतरचा उल्लेखही करखात्याच्याच कागदात सापडतो. ज्या चित्रकाराचे पैसे मासाच्चोकडे अडकले होते, तो पुढच्या विवरणपत्रात लिहितो की, कर्जदार रोममध्ये वारला, भाऊ म्हणतो आपण त्याचे वारस नाही, त्यामुळे पैसे मिळतील की नाही कोण जाणे. हा भाऊही चित्रकारच होता. तो १४८६ पर्यंत जगला, आणि लग्नात द्यायच्या पेट्या, पलंगाच्या फळ्या असे सामान रंगवून त्याने बऱ्यापैकी बस्तान बसवले.

प्रश्न : फ्लोरेन्सचाच चित्रकार जोत्तो याने शंभर वर्षे आधीच अशी भरीव माणसे रंगवली होती. मग मध्ये एवढा खंड का पडला?

उत्तर : जोत्तो १३३७ मध्ये वारला आणि १३४८ मध्ये प्लेग आला. त्याआधी लाखाच्या जवळपास असलेली फ्लोरेन्सची लोकसंख्या त्या आणि नंतरच्या साथींमुळे इतकी घटली की, १४२७ च्या मोजणीत ती सुमारे ३७ हजार भरते. कामाच्या जागा, गुरू, शिष्य सगळेच विस्कटले. तरीही एका साथीवर सारे ढकलू नये. साथीनंतरचे चित्रकारही जोत्तोच्या चित्रांसमोर बसूनच शिकत होते. त्यांनी त्याच्याकडून आकृती घेतल्या, पण त्यांना उभे राहायला लागणारी जागा घेतली नाही. मासाच्चो त्या जागेकडे परत गेला. तोवर ती जागा मोजून काढण्याची रीत ब्रुनेलेस्कीने शोधलेली होती, आणि हा लाभ जोत्तोला मिळालेला नव्हता.

प्रश्न : या मोजण्याच्या रीतीचा आणि व्यापारी समाजाचा संबंध जोडला जातो. हिशोबी माणसांच्या शहरात हिशोबी चित्रकला जन्मली, असे म्हणता येईल काय?

उत्तर : काही अंशी म्हणता येईल. फ्लोरेन्समधील व्यापाऱ्यांची मुले हिशोबाच्या खास शाळांत जात. तिथे ती त्रैराशिक शिकत आणि पिंपात किंवा गोणीत किती माल मावतो ते आकारावरून काढायला शिकत. प्रमाणांची सवय झालेला असा डोळा चित्रातील खोली पाहून सुखावणार, हे उघड आहे. ही खोली मिळते ती यथादर्शनामुळे, म्हणजे चित्रकलेचे विद्यार्थी ज्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात त्या पद्धतीने. मागे जाणाऱ्या सगळ्या समांतर रेषा एका बिंदूकडे नेल्या की, सपाट भिंतीत दालन उघडल्याचा भास होतो.

सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चमध्ये मासाच्चोने १४२५ ते १४२७ च्या दरम्यान रंगवलेले पवित्र त्रैक्याचे, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे, भित्तिचित्र हे या पद्धतीचे आरंभीचे सर्वांत ठळक उदाहरण. वधस्तंभावर येशू, त्याच्या मागे उभा पिता, आणि त्यांच्यावर भिंतीत खोल जाणारे कमानदार, चौकटी चौकटींचे छत. रेषा जिथे मिळतात तो बिंदू चित्राच्या वरच्या भागात नाही. तो वधस्तंभाच्या पायथ्याशी, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. गिलाव्यावर आजही ओरखडे दिसतात. कमानीच्या रेषा ओल्या गिलाव्यात कोरून घेतल्या होत्या, आणि येशूची आई मारिया हिच्या चेहऱ्यावर तर लहान लहान चौकोनांची जाळी ओढलेली आहे, आराखडा नेमका उतरवण्यासाठी. वर दैवी रहस्य आणि जवळ जाऊन पाहावे तर आखणी.

समाजाच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाची वाटतात ती खालच्या पायरीवर गुडघे टेकलेली दोन माणसे, हे चित्र करवून घेणारे नवरा-बायको. ती कोणत्या घराण्यातली याविषयी वाद आहे, पण ती सामान्य नागरिक आहेत यात वाद नाही. पूर्वीच्या चित्रांत दात्याची आकृती संतांच्या पायाशी बाहुलीएवढी असे. इथे ती दोघे देवाच्या मापाची आहेत. ती कमानीच्या आत नाहीत, उंबऱ्याबाहेर आहेत, पण आकाराने उणी नाहीत. त्यांच्याही खाली शवपेटीवर एक सांगाडा रंगवलेला असून त्यावरचा लेख सांगतो की, तुम्ही आज जे आहात ते मी होतो आणि मी आज जो आहे ते तुम्ही होणार. ज्या वर्गाने स्वतःला देवाएवढे रंगवून घेतले त्यानेच खाली हा लेखही घालून घेतला. फ्लोरेन्सच्या सधन नागरिकाच्या मनात गर्व आणि धास्ती एकत्र नांदत होती, आणि व्याजाच्या धंद्यातून आलेल्या पैशाचे पाप चर्चला दान देऊन फेडण्याची रीत त्या काळी सर्वमान्य होती.

तरीही हिशोबाचे सूत्र ताणू नये. व्हेनिस आणि सिएना येथील व्यापारीही हिशोबात कच्चे नव्हते, पण तिथल्या चित्रकारांनी त्या वेळी हा मार्ग धरला नाही. फ्लोरेन्समध्ये हिशोब होता आणि त्यासोबत ब्रुनेलेस्कीही होता. १४२० पासून शहरातल्या मुख्य चर्चचा घुमट त्याच्याच देखरेखीखाली चढत होता, आणि भूमिती काय करू शकते ते मासाच्चोला रोज मान वर करून पाहता येत होते.

प्रश्न : हे सगळे मेदिची घराण्याच्या आश्रयाने झाले ना?

उत्तर : नाही. पुढे फ्लोरेन्सवर वर्चस्व मिळवणारे मेदिची हे मासाच्चोच्या हयातीत अनेक बड्या घराण्यांपैकी एक होते, आणि वर आलेल्या कामांपैकी एकही त्यांनी सांगितलेले नाही. उलट त्यांच्या उदयाने त्याच्या कामाचे नुकसानच झाले. मासाच्चो आणि त्याचा वडीलधारा भागीदार मासोलिनो यांनी ब्रांकाच्ची प्रार्थनागृह अर्धवट सोडले होते. १४३४ मध्ये कोसिमो दे मेदिची हद्दपारीतून परतला आणि त्याने विरोधकांना शहराबाहेर काढले. त्यांत पाल्ला स्त्रोत्सी होता आणि पुढे फेलिचे ब्रांकाच्चीही गेला. भिंतीवर त्या घराण्यातील माणसांचे जे चेहरे होते ते खरवडून टाकले गेले असे मानतात. रिकाम्या आणि बिघडलेल्या जागा चित्रकार फिलिप्पीनो लिप्पी याने १४८० च्या दशकात भरून काढल्या, आणि म्हणून आज एकाच भिंतीवर मासाच्चोची आणि त्याच्यानंतर पन्नासेक वर्षांनी रंगवलेली माणसे खांद्याला खांदा लावून उभी दिसतात. ज्या वाचकांनी या चित्रांची छायाचित्रे पाठवून कोणता भाग कोणाचा असे विचारले आहे, त्यांनी आधी पाय आणि सावल्या पाहाव्यात. फिलिप्पीनोचे चेहरे अधिक सुबक आहेत, पण जमिनीवर तेवढा भार पडत नाही.